आमच्या ठेसनातली रात्र

मुलांनो, सहलीला निघालेल्या बावीस मुलांना घेऊन पहाटे कुर्डुवाडी स्टेशनवर उभं राहणं म्हणजे काय असतं, ते तुमच्या बाईंना किंवा गुरुजींना विचारा! कुणाचा डबा घरी राहिलेला, कुणाला आत्ताच भूक लागलेली, कुणी प्लॅटफॉर्मवरच्या वजनकाट्याशी खेळतोय. डिसेंबर २०२३ मधली ही गोष्ट. आमची शाळा बार्शी आणि कुर्डुवाडीच्या पट्ट्यातली, चौथीपर्यंतची. दरवर्षी आम्ही एसटीनं पंढरपूर नाहीतर तुळजापूर करतो. यावर्षी मुलांनी हट्टच धरला, "बाई, पुण्याला जायचं. छोट्या रेल्वेचं म्युझियम बघायचं." म्हटलं, चला. रेल्वे बघायला जायचं तर रेल्वेनंच जाऊ.

हुतात्मा एक्स्प्रेस आली आणि आमची स्वारी निघाली. भिगवणच्या आसपास उजनीच्या धरणाचं पाणी रुळांजवळ येतं. थंडीच्या दिवसांत तिथं लांबून लांबून पक्षी येतात. "बगळे! बगळे!" असा ओरडा झाला. त्यातले काही रोहित होते, पण मी नाव सांगेपर्यंत गाडी पुढे गेलीसुद्धा.

पुण्यात उतरून सिटी बसनं कोथरूडला गेलो. संगम प्रेसजवळ हे म्युझियम आहे. 'जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे' असं त्याचं नाव. भाऊसाहेब जोशी या गृहस्थांना छोट्या रेल्वेगाड्यांचा विलक्षण नाद. त्या नादातून त्यांनी वर्षानुवर्षं खपून हे उभं केलं आणि १९९८ साली ते सर्वांसाठी खुलं झालं. बाहेरून पाहिलं तर वाटणारसुद्धा नाही, की आत एक अख्खं शहर मावलंय!

आत गेलं की एका मोठ्या मांडणीभोवती आपण उभे राहतो. डोंगर, बोगदे, उड्डाणपूल, स्टेशन, सर्कशीचा तंबू, पोहण्याचा तलाव, आणि या सगळ्यांतून पळणाऱ्या गाड्या. वाफेचं इंजिन आहे, विजेवरची वेगवान गाडी आहे. सिग्नल लाल असेल तर गाडी आपली आपण थांबते, हिरवा झाला की निघते. अशा गाड्यांचं एक नेहमीचं माप असतं, खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. म्हणजे साडेपाच फूट उंचीचा माणूस तिथं जेमतेम दोन सेंटीमीटरचा होतो आणि रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. आमच्या पोरांनी लगेच बोटं लावून बघायला सुरुवात केली. ("हात नको!" हे वाक्य मी त्या दिवशी किती वेळा म्हटलं, ते मोजलं नाही.)

आणि मग रात्र झाली.

हॉलमधले दिवे मंद होत गेले. आधी डोंगर दिसेनासे झाले. मग रस्त्यांवरचे इवले इवले खांब उजळले, घरांच्या खिडक्या पिवळ्या झाल्या, आणि अंधारातून गाडी आली ती नुसत्या खिडक्यांची रांग होऊन. बावीसच्या बावीस मुलं एकदम गप्प! माझ्या नऊ वर्षांच्या नोकरीत हे कधी झालं नव्हतं.

सगळी पोरं गाड्यांकडे बघत होती. एक मुलगा मात्र गाडीकडे बघत नव्हता. वर्गात सगळे त्याला बारक्या म्हणतात, मीही तेच म्हणते. तो एका खांबावरच्या दिव्याकडे टक लावून उभा होता. दिवे परत लागल्यावर माझा पदर ओढून म्हणाला, "बाई, रात्र कशी केली?"

"दिवे घालवून," मी म्हटलं.

"नाही बाई. दिवे घालवले तर नुसता अंधार होतो. रात्र कशी केली?"

याला उत्तर मला सुचेना. जर्मनीत हँबुर्ग शहरात ब्राउन नावाच्या जुळ्या भावांनी २००१ साली असंच एक फार मोठं छोटं जग खुलं केलं. तिथंही दर पाव तासानं दिवस मावळतो आणि हजारो दिवे लागतात, हे मी वाचलेलं होतं. ते त्याला सांगितलं. पण त्याचा प्रश्न तो नव्हताच.

परतीची हुतात्मा संध्याकाळची. थंडीचे दिवस, पुणं सोडेपर्यंत बाहेर काळोख. मी मुलांना एक उद्योग दिला. म्हटलं, खिडकीतून बघा आणि सांगा, छोट्या स्टेशनांवर दिवे किती आणि कोणत्या रंगाचे? दौंडपर्यंत सगळे जोरात होते. मग एकेक डोकं खिडकीला टेकलं. शेवटपर्यंत मोजत राहिला तो बारक्याच. कुर्डुवाडीला उतरताना त्यानं हिशोब दिला, "बाई, सगळे पांढरेच हायेत. आमचे आबा सांगत्यात ते पिवळे हुते."

आता हे आबा कोण, ते सांगायला हवं.

आमच्या भागातून पूर्वी बार्शी लाईट नावाची लहान रेल्वे जायची. तिच्या दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट! एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरनं ती आखली आणि १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी पहिली गाडी धावली. पुढे ती पंढरपूरला गेली, लातूरला गेली, १९२७ साली मिरजेला पोचली. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. आषाढीला तर वारकरी टपावर बसून जायचे म्हणे. तुमच्या आजीआजोबांपैकी कुणी त्या बाजूचं असेल, तर या गाडीचं नाव काढून बघा, तासभर गोष्टी ऐकायला मिळतील. २००० नंतरच्या दहा-अकरा वर्षांत ही सगळी लाईन मोठी झाली, म्हणजे ब्रॉडगेज झाली. चांगलंच झालं, गाड्या वाढल्या, वेग वाढला. पण नवी लाईन काही ठिकाणी जुन्या वाटेनं न जाता बाजूनं गेली. आमच्या गावाचं स्टेशन असं बाजूला पडलं.

बारक्याचे आजोबा, म्हणजे आबा, त्या स्टेशनवर पॉइंट्समन होते. आता वय ऐंशीच्या वर. डोळ्यांत मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. रोज संध्याकाळी दिवेलागणीला ते अजून उठून बसतात. सून म्हणते, "काम नाही पण वेळ पाळतात."

तर सहलीनंतर मुलांनी ठरवलं, आपण आपलं स्टेशन करायचं. रात्रीसकट!

एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही स्टेशन बघायला गेलो. गावापासून वीस मिनिटं चाललं की बाभळीची झुडपं लागतात. मध्येच जमीन उंच आणि सरळ होते. तोच रुळांचा बांध. रूळ नाहीत, खडी मात्र आहे. पुढे एक दगडी खोली, छप्पर नसलेली, आणि समोर लिंबाचं मोठं झाड. पावाची पुडकी, शेळ्यांच्या लेंड्या. एवढंच आमचं स्टेशन. मुलं जराशी हिरमुसली. एक मुलगी म्हणाली, "एवढुसंच?" पण मग टेप काढला, वही काढली आणि मोजमाप सुरू झालं. खोली वीस फूट बाय बारा फूट. दाराची उंची साडेसहा फूट. भिंतीत एक लोखंडी आकडा अजून होता. कशाचा, ते आम्हाला कळलं नाही. आम्ही तोही वहीत काढून घेतला.

गाडी कुठून आणायची? बार्शीच्या जत्रेतली सेलवर चालणारी एक गाडी एका मुलाकडे होती. तिच्या रुळांमधलं अंतर पट्टीनं मोजलं, तर बरोबर एक इंच. खरं अंतर अडीच फूट, म्हणजे तीस इंच. म्हणजे काय झालं? आपलं माप तीसास एक! हे गणित चौथीच्या मुलांनी फळ्यावर स्वतः सोडवलं, आणि मला ते सगळ्या परीक्षांपेक्षा जास्त आवडलं. वीस फुटांची खोली आठ इंचांची झाली. मी डी.एड. करत होते तेव्हा आम्ही सगळं थर्मोकोलचं करायचो. आता ते नकोच म्हटलं. बुटांच्या खोक्यांचा पुठ्ठा, खरी खडी, आणि लिंबासाठी लिंबाचीच वाळकी फांदी.

आता दिवे. बार्शीच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून मी एलईडी स्ट्रिपचं पाच मीटरचं रीळ आणलं. ही पट्टी तुम्ही पाहिली असेल, दुकानांच्या पाट्यांमागे, गणपतीच्या मखरात लावतात ती. मागे चिकटपट्टी असते. बारा व्होल्टवर चालते, म्हणून मधे एक अडॅप्टर लागतो. (अडॅप्टर भिंतीतल्या पिनला लावायचं काम मोठ्या माणसांनीच करायचं, बरं का! तिथं २३० व्होल्ट असतात. पुढच्या बारा व्होल्टच्या बाजूला मुलांनी काम करायला हरकत नाही.) पट्टीवर अधिक आणि उणे अशा खुणा असतात. उलट जोडली तर काही बिघडत नाही, फक्त लागत नाही. आमची पहिल्यांदा लागली नाहीच.

मग मी एक मूर्खपणा केला. पट्टी पेटते का बघायला रीळ तसंच गुंडाळलेलं ठेवून चालू केलं आणि दाखले लिहीत बसले. थोड्या वेळानं हात लावला तर रीळ चांगलंच तापलेलं! साठ दिव्यांची ही पट्टी दर मीटरला पावणेपाच वॉटच्या आसपास वीज खाते. म्हणजे पाच मीटरला चोवीस वॉट. पसरलेली असली तर ऊब हवेत निघून जाते, गुंडाळलेली असली तर जाणार कुठं? तेव्हा रीळ आधी उलगडायचं, मग दिवा लावायचा.

आम्ही पट्टी छपराखाली लावली. प्लॅटफॉर्मच्या कडेनं लावली. लिंबाच्या झाडाला गुंडाळली. उरली ती मागच्या डोंगराला. वर्गाच्या खिडक्यांना पोती लावून अंधार केला आणि बटण दाबलं. काय सांगू तुम्हाला, सगळी शाळा टाळ्या वाजवायला लागली. मीही वाजवल्या. बारक्यानं वाजवल्या नाहीत. तो म्हणाला, "आबांना दाखवू का?"

दुसऱ्या दिवशी आबा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आले. त्यांना खुर्चीवर बसवलं. बटण दाबलं. आबांनी चटकन डोळ्यांवर हात धरला.

मला वाटलं, मोतीबिंदूचा त्रास. उजेड फार टोचतो त्या माणसांना. मी घाईनं दिवे बंद केले. म्हटलं, "आबा, डोळ्यांना त्रास झाला का?"

"डोळ्याचं न्हाई बाई," आबा म्हणाले. "हे आमचं ठेसन न्हवं. ह्यो लग्नाचा मांडव हाय."

पोरं हसली. आबा हसले नाहीत.

"एवढा उजेड कवा हुता हितं? दोन कंदील. एक मास्तरच्या टेबलावर, एक भाईर आकड्याला. ठेसनाच्या पाटीला एक बत्ती. सिग्नलला एक. आन एक माज्या हातात. झालं. बाकी सगळा अंधार. अंधार हुता म्हनून तर ड्रायव्हरला बत्ती दिसायची."

त्या आकड्याचा उलगडाही असा झाला. आणि बारक्याला पुण्यापासून छळणाऱ्या प्रश्नाचंही उत्तर त्यात होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही, वही काढली आणि आबांना म्हटलं, "एकेक दिवा सांगा."

मग खरं काम सुरू झालं. सगळी पट्टी काढली. कात्रीच्या खुणा असलेल्या जागीच ती कापता येते, दर पाच सेंटीमीटरला एक खूण. एका तुकड्यात तीन दिवे असतात. असं का? तर असल्या एका पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात. तीन दिवे एकामागोमाग जोडले की नऊ झाले. उरलेले तीन व्होल्ट शेजारचा बारीकसा रोधक घेतो. खुणेच्या मधेच कापलं तर तो तुकडा मेला म्हणून समजा. पण आम्हाला तर एका जागी एकच दिवा हवा होता! मग एका मुलीनं सुचवलं ते केलं. तीनपैकी दोन दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावली. गंमत बघा, एका दिव्याची लांबी साडेतीन मिलिमीटर. तीसपट करा. साडेदहा सेंटीमीटर! म्हणजे कंदिलाच्या काचेएवढीच की. आमच्या मापाला ती पट्टी जणू मुद्दाम केलेली होती.

रंगाचं काय? पांढऱ्या एलईडीच्या पोटात खरं म्हणजे निळा दिवा असतो. त्यावर पिवळसर लेप दिलेला असतो, आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. हा निळा दिवा तयार करायला शास्त्रज्ञांना फार वर्षं लागली. त्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. लेप वेगळा असला की उजेड पिवळट, उबदार होतो. दुकानदार त्याला 'वॉर्म' म्हणतात. मी परत बार्शीला जाऊन वॉर्म पट्टी आणली, फक्त एक मीटर. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एवढ्यानं काय उजेड पडणार?" म्हटलं, तेच तर पाहिजे!

तरी ती कंदिलापेक्षा भगभगीत होतीच. त्यावर सोपा उपाय सापडला. बाराऐवजी नऊ व्होल्टचा अडॅप्टर लावला. रोधकाच्या वाट्याला फारसं काही उरत नाही, वीज कमी वाहते आणि दिवा मंदावतो. शिवाय एक फिरवायचं बटण मधे घातलं, त्याला डिमर म्हणतात. तो दिवा सेकंदात शेकडो वेळा चालू-बंद करतो. आपल्या डोळ्यांना ते समजत नाही, उजेड कमी झाला एवढंच वाटतं.

पुठ्ठ्याच्या भिंतीतून उजेड पाझरायला लागला, सगळी खोली आकाशकंदिलासारखी! आतून काळा कागद लावला. आता उजेड फक्त खिडकीतून आणि दारातून बाहेर पडू लागला, आणि प्लॅटफॉर्मवर दाराच्या आकाराचा पिवळा तुकडा सांडला. हे आम्ही ठरवून केलं नव्हतं. सगळ्यांत छान तेच दिसत होतं.

सिग्नलनं मात्र दमवलं. आम्ही लालला लाल आणि हिरव्याला हिरवा जिलेटिन कागद लावला होता. आबा म्हणाले, "हिरवी काच नसायची. काच निळी असायची." मुलांना वाटलं, आबा विसरले. पण आबांचं बरोबर होतं! रॉकेलची ज्योत पिवळी. तिच्यापुढे निळसर काच धरली की लांबून हिरवं दिसायचं. आम्ही निळा कागद लावून पाहिला, तर दिवा निळाच दिसला. कारण आपल्या एलईडीत निळा प्रकाश भरपूर आहे, ज्योतीत तो फारच थोडा असतो. मग आधी पिवळा कागद, त्यावर निळा. झाला हिरवा! आबांना दाखवायला बारक्या धावत घरी गेला.

पाच मीटरच्या रिळापुढे आमच्या स्टेशनाला पट्टी लागली किती म्हणता? पाच दिव्यांचे पाच तुकडे, पंचवीस सेंटीमीटर. आणि जुन्या पांढऱ्या पट्टीचा एक तुकडा निळ्या कागदाआड उंच टांगला, चांदण्यासाठी. यावरून वर्गात भांडण झालं होतं. निम्मी मुलं म्हणत होती अमावास्या करू, निम्मी म्हणत होती मग गाडी कशी दिसणार? शेवटी चंद्र ठेवला, पण अगदी मंद. उरलेली पांढरी पट्टी आता खिचडीच्या शेडमध्ये लावली आहे. शिजवणाऱ्या मावशी खूश आहेत.

जानेवारी २०२४ मध्ये शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही स्टेशन मांडलं. गावातली माणसं दहा-दहाच्या गटानं खोलीत यायची. आत आलं की पहिल्यांदा काहीच दिसत नाही. कुणी म्हणायचं, "लाइट गेली का?" मिनिटभर थांबलं की डोळे सरावतात आणि एकेक दिवा दिसू लागतो. पाटीवरचा, आकड्याचा, मास्तरच्या खिडकीतला. म्हाताऱ्या बायका हळूच बोलायला लागल्या, कुणाचं माहेर या गाडीनं गाठलं, कोण या गाडीनं कायमचं गेलं. पोरांना वाटलं होतं, लोक टाळ्या वाजवतील. एकानंही वाजवल्या नाहीत.

आबांना शेवटी आणलं, गर्दी गेल्यावर. त्यांच्या खुर्चीसमोर मांडणी, शेजारी बारक्या, हातात डिमरचं बटण. आबा बराच वेळ बघत राहिले. त्यांना किती दिसत होतं, देव जाणे. मग म्हणाले, "सिग्नल दे."

बारक्यानं सिग्नल हिरवा केला. जत्रेतली ती गाडी खडखडत निघाली, लिंबाखालून आली, प्लॅटफॉर्मसमोरच्या पिवळ्या तुकड्यातून गेली आणि डोंगराआड दिसेनाशी झाली. सेलचा आवाज तेवढा येत राहिला. मग तोही थांबला.

"आता दिवा बारीक कर," आबा म्हणाले. "घासलेट जळतंय उगंच. फुडली गाडी पहाटं हाय."

बारक्यानं बटण हळूहळू मागे फिरवलं.